रुळांवरील तोफेची प्रतिकृती

दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात किल्ले करतात. दगडविटांचा डोंगर रचून त्यावर माती लिंपतात, बुरूज उठवितात, अळीव पेरून रान उगवितात आणि मग बाजारातून आणलेली मातीची चित्रे जागोजाग मांडतात. असा किल्ला मोठा शोभिवंत दिसतो. परंतु बारकाईने पाहिले, तर सिंहासनावरील महाराज बुरुजाहून उंच असतात, पहाऱ्यावरील मावळ्यास स्वतःच्या दारातून आत जाता येत नाही आणि गवळणीच्या घागरीत गडावरचे सारे तळे मावेल असे वाटते. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. तो खेळ आहे, आणि खेळास एवढी मोकळीक असावयाचीच.

प्रमाणबद्ध प्रतिकृतीस मात्र ही मोकळीक नाही. तिच्यात मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागलेले असते. १:३५ असे प्रमाण ठरले की मूळ वस्तूवरील ३५ सेंटिमीटर अंतर प्रतिकृतीवर १ सेंटिमीटरच भरले पाहिजे; मग ते अंतर चाकाच्या व्यासाचे असो, शिडीच्या दोन पायऱ्यांमधील असो, की दाराच्या कडीचे असो. एखादे माप सोयीसाठी थोडे वाढविले, तर त्याला लागून असलेला भाग जागेवर बसत नाही. तो बसावा म्हणून त्याचेही माप बदलावे लागते, आणि अशा रीतीने एका लबाडीतून दहा लबाड्या जन्मास येतात.

प्रतिकृतींसाठी अनेक प्रमाणे रूढ आहेत. विमानांसाठी बहुधा १:७२ किंवा १:४८ वापरतात, रणगाडे व तोफा यांसाठी १:३५. पस्तीस हा आकडा कोठून आला असेल? तो कोण्या गणितज्ञाने सुचविलेला नाही. जपानमधील शिझुओका शहरातील तामिया या कारखान्याने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'पँथर' नावाच्या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली. ती विजेच्या लहानशा यंत्रावर चालावयाची होती. म्हणून यंत्र आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढा तिचा आकार ठेवण्यात आला. पुढे हिशेब करून पाहिला, तेव्हा प्रमाण सुमारे १:३५ भरले. लोकांना ती आवडली, मग त्याच मापाचे दुसरे रणगाडे निघाले, शिपाई निघाले, तोफा निघाल्या; आणि बॅटरीच्या मापावरून पडलेला हा आकडा जगभर कायम झाला.

ज्या तोफेची प्रतिकृती कशी तयार होते हे आपण येथे पाहणार आहोत, ती जर्मनीतील क्रुप कारखान्याने बनविलेली, आगगाडीच्या रुळांवरून चालणारी 'के-५' नावाची तोफ होय. तिच्या आखणीस १९३४ मध्ये आरंभ झाला आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशा २५ तोफा तयार झाल्या. तिच्या नळीचा आतील व्यास २८३ मिलिमीटर, नळीची लांबी सुमारे साडेएकवीस मीटर आणि तोफेचे एकंदर वजन २१८ टन. एका गोळ्याचे वजन २५५ किलोग्रॅम असे आणि तो सुमारे ६४ किलोमीटर दूर जाऊन पडे. पुणे ते लोणावळा हा लोहमार्ग जवळजवळ इतकाच लांब आहे.

अशा दोन तोफा १९४४ मध्ये इटलीत फार गाजल्या. त्या वर्षी २२ जानेवारी रोजी ब्रिटिश व अमेरिकन सैन्य रोमच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर असलेल्या अँझिओ बंदरी उतरले. रोम लवकर हाती यावे, हा या उतरण्याचा हेतू होता. परंतु जर्मन सैन्याने त्यांस समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात चार महिने अडकवून ठेवले. मागील बाजूस अल्बान टेकड्या होत्या आणि त्या टेकड्यांच्या भागात रेल्वेचा बोगदा होता. जर्मन गोलंदाज तोफ बोगद्याबाहेर आणीत, काही गोळे टाकीत आणि शत्रूची विमाने शोध घेत येण्यापूर्वी तिला पुन्हा बोगद्यात नेऊन लपवीत. आपल्या दोन तोफांना त्यांनी 'रॉबर्ट' आणि 'लेओपोल्ड' अशी नावे दिली होती. किनाऱ्यावर खंदकांत बसलेल्या सैनिकांना ही नावे ठाऊक नव्हती. डोक्यावरून भरधाव गाडी जावी तसा गोळ्याचा आवाज येई, म्हणून ते तिला 'अँझिओ एक्सप्रेस' म्हणू लागले. कोणी 'अँझिओ ॲनी' म्हणे. शेवटी २३ मे रोजी दोस्त सैन्याने वेढा फोडला, ४ जून रोजी रोम घेतले आणि ७ जून रोजी चिविताव्हेक्किया या बंदराच्या गावी रुळांवर उभ्या असलेल्या या दोन्ही तोफा त्यांच्या हाती लागल्या.

इटलीच्या या मोहिमेत भारतीय सैनिकही लढत होते. याच वर्षी १० जुलै रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

आता तोफेकडे वळू. तिची मापे पस्तीसने भागून पाहा. सर्व तोफेची लांबी सुमारे ३० मीटर. ती प्रतिकृतीत सुमारे ८६ सेंटिमीटर होईल. शाळेतील बाकाची एक बाजू पुरी व्यापेल एवढी ही लांबी आहे. नळी ६१ सेंटिमीटर भरेल; तिच्या तोंडाचे भोक ८ मिलिमीटर. पावणेदोन मीटर उंचीचा गोलंदाज ५ सेंटिमीटरांचा होईल, म्हणजे तुमच्या करंगळीएवढा. युरोपात रुळांमधील अंतर बहुतेक ठिकाणी १,४३५ मिलिमीटर असते. ते येथे ४१ मिलिमीटर धरावयाचे. आपल्याकडील रुंद लोहमार्गाचे अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. आपल्या स्थानकावरील रूळ मोजून कोणी प्रतिकृतीखाली ४८ मिलिमीटरांचा मार्ग अंथरला, तर त्यात कष्ट कितीही असले तरी तोफेची चाके रुळांच्या आत पडतील.

वजनाचा हिशेब याहून मौजेचा आहे. लांबी ३५ पटींनी कमी झाली म्हणजे वजनही ३५ पटींनी कमी होईल, असे सहज वाटते. परंतु वस्तूला लांबीबरोबर रुंदी आणि उंचीही असते, आणि तीनही ३५ पटींनी घटतात. ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ म्हणजे ४२,८७५. मूळ तोफेप्रमाणे सर्व भाग पोलादाचे केले, तर २१८ टनांची ही तोफ अवघ्या ५ किलोंची होईल! प्लॅस्टिक पोलादाहून सातआठ पट हलके असल्यामुळे आपली प्रतिकृती त्याहूनही हलकी भरेल. तथापि ती हिशेबाइतकी हलकी भरत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एक सेंटिमीटर जाडीचा पोलादी पत्रा पस्तीसने भागला, तर तो तीनदशांश मिलिमीटरहूनही पातळ होतो. इतका पातळ पत्रा प्लॅस्टिकमध्ये ओतता येत नाही. ओतला तरी हाताळताना मोडतो. म्हणून कारखानदार तो एक मिलिमीटरचा करतात. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या तोफेवर साडेतीन सेंटिमीटर जाडीचा पत्रा! निष्णात कारागीर अशा भागाची मागील बाजू तशीच ठेवतो आणि डोळ्यांस दिसणारी कड तेवढी कानशीने घासून पातळ करतो. जेथे तेवढ्याने भागत नाही, तेथे पितळेच्या पातळ पत्र्यातून तेजाबाने कोरून काढलेले भाग बसवितात. चालण्याच्या फळीची जाळी, हातगाड्याच्या कड्या, बिजागऱ्या असे भाग पितळेचेच शोभतात.

या तोफेचे १:३५ प्रमाणातील संच हाँगकाँगच्या ड्रॅगन आणि चीनच्या ट्रंपेटर या कारखान्यांनी काढलेले आहेत. संचाची पेटी उघडली की आत तोफ दिसत नाही. दिसतात त्या प्लॅस्टिकच्या सपाट चौकटी, आणि चिंचेच्या डहाळीला चिंचा लोंबाव्या तसे त्या चौकटींना लागलेले शेकडो सुटे भाग. हे भाग पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. पोलादी साच्याच्या दोन पाळ्या घट्ट मिटवून त्यांत वितळलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने सोडतात. ते ज्या नळ्यांतून वाहत जाते, त्या नळ्यांतच थिजून चौकट तयार होते आणि पोकळ्यांत थिजून भाग तयार होतात. साच्याच्या पाळ्या जेथे मिळतात, तेथे प्रत्येक भागावर केसासारखी रेघ उमटते. आणि ज्या खिळ्यांनी भाग साच्यातून बाहेर ढकलला जातो, त्यांचे वाटोळे ठसे राहतात. खऱ्या तोफेवर ही रेघ नव्हती, हे ठसेही नव्हते. म्हणून प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी तो घासून साफ करावा लागतो. पुष्कळ मुले या कामाला कंटाळतात आणि भाग मोडून, ओरबाडून चौकटीपासून तोडतात. तसे करू नये. लहान पकडीने भागापासून थोडे दूर कापावे, उरलेला कोंब धारदार चाकूने अंगापासून बाहेरच्या दिशेस छाटावा आणि शेवटी बारीक पॉलिशपेपर फिरवावा.

भाग जोडण्यासाठी जे द्रव वापरतात, त्याला आपण डिंक म्हणतो खरे. परंतु त्याचे काम डिंकाहून निराळे आहे. डिंक दोन कागदांच्या मध्ये राहतो आणि दोघांना धरून ठेवतो. हे द्रव प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळविते. दोन्ही भागांच्या कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, मग द्रव उडून जाते आणि दोन भागांचा एकच भाग होऊन राहतो. लोहार दोन लालबुंद तुकडे ठोकून एकजीव करतो, तसाच हा प्रकार. यामुळेच येथे घाई चालत नाही. एकदा एकजीव झालेले भाग पुन्हा सोडविता येत नाहीत. म्हणून आधी द्रव न लावता भाग जुळवून पाहावे, काटकोन असेल तेथे गुण्या लावून पाहावा आणि मगच द्रवाचा कुंचला फिरवावा. या द्रवाची वाफ छातीत जाणे बरे नव्हे. खिडकी उघडी ठेवूनच हे काम करावे. आणि चाकू व द्रव ही दोन्ही प्रथम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली हाताळावी.

बांधणीस आरंभ चाकांपासून होतो. मोजून पाहाल तर बारा आस आणि चोवीस चाके भरतील. इतकी चाके कशाला, असा प्रश्न चाके घासता घासता मनात येतोच, आणि त्याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. २१८ टनांचा भार बारा आसांवर वाटला, तर प्रत्येक आसावर सुमारे १८ टन येतात. रूळ आणि पूल एवढा भार सोसू शकतात. आस सहाच असते, तर प्रत्येकावर ३६ टन आले असते आणि तोफ निघाल्याठिकाणीच रूळ वाकून बसली असती. या बारा आसांची एकच लांब ताठ चौकट करूनही भागले नसते; कारण लोहमार्ग वळणे घेत जातो. म्हणून सहा सहा आसांचे दोन स्वतंत्र गाडे केले आहेत. प्रत्येक गाडा आपल्या खुंटीभोवती थोडा फिरतो आणि त्या दोघांच्या पाठीवर लांब पोलादी तुळई आडवी टाकलेली आहे. प्रतिकृती जोडताना खुंटीला द्रव लागू देऊ नये. लागले की गाडे जखडतात आणि तोफ वळणावर उभी करता येत नाही. ही वळणाची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

तुळई म्हणजे तळ, बाजू आणि आडव्या पट्ट्या यांची लांबच लांब पेटी. तिच्यावर रिव्हेटांच्या रांगा असतात. सांधा घासताना काही रिव्हेटे बोटांखाली नाहीशी होतात. ती पुन्हा बसविल्यावाचून पुढे जाऊ नये. प्लॅस्टिकच्या तापवून ताणलेल्या दोऱ्याचे इवलेसे काप करून ती बसविता येतात. हे काम डोळ्यांस शिणविणारे आहे. पण एका रांगेत वीस रिव्हेटे असून मधली तीन गेलेली असली, तर पाहणाऱ्याची दृष्टी उरलेल्या सतरांकडे जात नाही.

सर्वांत अवघड भाग नळीचा. तिचे दोन उभे अर्ध असतील, तर ६१ सेंटिमीटर लांबीचा सांधा वर आणि तेवढाच खाली पडतो. खरी नळी अखंड पोलादाची. तिच्यावर सांधा कोठला? तेव्हा तो पूर्ण नाहीसा व्हावयास हवा. दोन्ही अर्धांना द्रव लावून, दोऱ्याने जागोजाग बांधून, दोन दिवस सपाट फळीवर पडू द्यावे. नंतर सांध्यातील खळगे रंगारी लाकडात भरतात तशा लांबीने भरावे आणि घासावयास घ्यावे. येथे बहुतेकांची फसगत होते. सांधा जेथे दिसतो तेथेच घासत राहिले, म्हणजे तेथे सपाट पट्टा पडतो. नळी गोल राहत नाही, पेन्सिलीसारखी कोनाची होते. पॉलिशपेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळून, नळी सारखी फिरवीत घासावी. बोटाच्या टोकाने अंदाज घ्यावा. कारण डोळ्यांना न दिसणारी कड बोटास कळते. याखेरीज, प्लॅस्टिकची एवढी लांब नळी एका टोकाशीच धरलेली असल्यामुळे उन्हाळ्यात हळूहळू वाकते. दोन अर्ध जोडण्यापूर्वीच आत लोखंडी सळई ठेवलेली असावी, हे बरे.

नळीच्या तोंडाशी डोकावून पाहिले, तर आत खाचा दिसावयास हव्यात. तोफेचा गोळा नुसता सरळ जात नाही. तो स्वतःभोवती गिरकी घेत जातो. भोवरा फिरत असेपर्यंत आरेवर ताठ उभा राहतो, तसा गिरकी घेणारा गोळा हवेत कोलमडत नाही. ही गिरकी नळीतील मळसूत्री खाचांमुळे मिळते. के-५ तोफेच्या नळीत अशा बारा खोल खाचा असत आणि गोळ्याच्या अंगावर त्या खाचांत बसणाऱ्या उंच पट्ट्या असत. पहिल्या नळ्यांत खाचांची खोली १० मिलिमीटर ठेवली होती. परंतु नळ्यांना तडे जाऊ लागले, म्हणून ती ७ मिलिमीटर करण्यात आली. सात मिलिमीटर भागिले पस्तीस म्हणजे दोनदशांश मिलिमीटर. एवढी बारीक खाच पाहण्यासाठी भिंग लागते. तरीही ती हवी. बारा ऐवजी सोळा असता कामा नये, आणि सरळ तर मुळीच असता कामा नये.

नळी थेट तुळईवर चिकटवीत नाहीत. ती एका पाळण्यात बसते. गोळा पुढे सुटला की नळी तितक्याच आवेगाने मागे येते. ती तुळईस घट्ट बांधलेली असती, तर तो सारा धक्का तुळई, गाडे आणि रूळ यांना सोसावा लागला असता. पाळण्यात ती मागे सरकते. तेलाने भरलेली नळकांडी तिचा वेग खातात आणि दाबलेली हवा तिला पुन्हा पूर्वीच्या जागी ढकलते. प्रतिकृतीत तेलही नाही आणि हवाही नाही. परंतु ज्याला हे ठाऊक आहे तो नळकांड्यांचे दांडे नळीच्या रेषेशी अगदी समांतर बसवितो. ठाऊक नसलेला ते जागा मिळेल तसे चिकटवितो. पाळण्यातील नळी मागेपुढे सरकती ठेवता आली, तर उत्तमच.

आता त्या वळणाकडे येऊ. नळी वर-खाली होते, सुमारे पन्नास अंशांपर्यंत उचलता येते. पण डावी-उजवीकडे ती जवळजवळ फिरतच नाही. अवघ्या एका अंशाएवढी हलते. मग नेम धरावयाचा कसा? त्यासाठी गोलंदाज मुख्य मार्गापासून फुटणारा वाकडा फाटा टाकीत. तोफ त्या फाट्यावर पुढे-मागे ढकलली की वळणाबरोबर तिचे तोंडही फिरे. आणि हव्या त्या दिशेस आले की तेथे तिला थांबवीत. सोबत नेता येणारे वाटोळे फिरते रूळही असत. त्यांवर चढविली की तोफ कोणत्याही दिशेस वळविता येई. याचा अर्थ असा, की प्रतिकृतीत नळी आकाशाकडे उचललेली दाखवावयाची असेल, तर खालचा मार्ग वळणाचा हवा किंवा फिरत्या रुळांचा हवा. सरळ मार्गावर नळी आडवी, प्रवासाच्या स्थितीत दाखवावी. पुष्कळ प्रदर्शनांत सरळ फळीवर, सरळ रुळांवर, नळी उंच उभारलेली तोफ पाहावयास मिळते. ती दिसते रुबाबदार. पण तिने नेम कोणत्या बाजूस धरला आहे, असे विचारले की तिच्या मालकास उत्तर सुचत नाही.

बांधणी चालू असताना खऱ्या तोफेची छायाचित्रे वरचेवर पाहावी लागतात, आणि तेथे एक पेच उभा राहतो. या जातीच्या दोनच तोफा आज शिल्लक आहेत. एक फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ओदँगाँ येथील संग्रहालयात आहे. दुसरी अमेरिकेत आहे. चिविताव्हेक्कियाला मिळालेल्या तोफा सोडून जाताना जर्मन गोलंदाजांनी त्यांची मोडतोड केली होती. रॉबर्टची अधिक, लेओपोल्डची कमी. अमेरिकन सैन्याने दोन्ही जहाजाने नेल्या आणि त्यांचे चांगले भाग एकत्र करून एक पुरी तोफ उभी केली. ती पुष्कळ वर्षे मेरीलँड राज्यात अबर्डीन येथे उघड्यावर उभी होती. पुढे तिला व्हर्जिनिया राज्यात फोर्ट ली येथे नेण्यात आले. लोक तिला लेओपोल्ड म्हणतात, अँझिओ ॲनीही म्हणतात. परंतु ती एकटी लेओपोल्ड नव्हे. तिच्यात रॉबर्टही आहे. तेव्हा तिचे आजचे छायाचित्र समोर ठेवून एखादा शिडीचा दांडा हुबेहूब बसविला, तर तो १९४४ च्या लेओपोल्डवर तसाच असेल असे सांगता येत नाही. कारागिराने आधीच ठरवावे: मला संग्रहालयातील तोफ करावयाची आहे की जून १९४४ मध्ये रुळांवर सापडलेली? दोन्ही खऱ्या आहेत. फक्त एकीचे नाव दुसरीस देऊ नये. माझ्या मते या साऱ्या कामातील सर्वांत कठीण निर्णय हाच, कारण येथे कानस आणि गुण्या यांचा काही उपयोग होत नाही.

रंगकामाविषयी थोडक्यात सांगतो. प्रथम सर्व भागांवर अस्तराचा पातळ हात द्यावा; सांध्यांतील उणिवा त्या एकरंगी हाताखाली चटकन दिसतात. जर्मन सैन्याची वाहने आधी गडद करड्या रंगाची असत आणि फेब्रुवारी १९४३ पासून मातकट पिवळा हा त्यांचा मूळ रंग ठरविण्यात आला. रंग डब्यातून काढून तसाच लावला तर प्रतिकृती काळवंडलेली दिसते. मोठी वस्तू दुरून पाहताना मध्ये हवा असते आणि रंग फिकट भासतो. लहान वस्तूस तो फिकेपणा मिळत नाही. म्हणून रंगात किंचित पांढरा मिसळतात. पुष्कळांना गंजाचा फार लोभ असतो आणि ते तोफेस वरपासून खालपर्यंत तांबूस करून टाकतात. सैन्यात वापरात असलेली तोफ अशी नसते. चाकांचा जो भाग रुळांवर घासतो, तो तर चांदीसारखा लखलखीत हवा. तसेच रुळांचा माथाही.

तोफेशेजारी पाच सेंटिमीटरांचा एखादा गोलंदाज उभा करावा. तो नसेल, तर पाहणाऱ्यास तोफ केवढी होती हे कळत नाही. एक गोष्ट मात्र फळीवर मावत नाही. गोळा ६४ किलोमीटर जाई. ते अंतर पस्तीसने भागले तरी सुमारे १,८०० मीटर उरते. तुमची प्रतिकृती ओसरीवर असेल, तर प्रमाणाने पाहता तिचा गोळा गावाबाहेर, एखाद्या शेतात पडेल. तोफेचे एक टोक फळीवर आणि दुसरे टोक दृष्टीआड, अशी ही वस्तू आहे. खऱ्या गोलंदाजांनाही ते दुसरे टोक दिसत नसे. ते नकाशावर आकडे मांडून गोळा सोडीत. त्या टोकाला अँझिओ आणि शेजारचे नेत्तुनो ही गावे होती, बंदरातील जहाजे होती, चिखलाने भरलेल्या खंदकांत हजारो तरुण बसलेले होते. नेत्तुनो येथे आज अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. सिसिलीपासून रोमपर्यंतच्या लढायांत पडलेल्या ७,८०० हून अधिक सैनिकांची थडगी तेथे ओळीने आहेत. ब्रिटिशांच्या दफनभूमीही अँझिओलाच आहेत. जर्मन सैनिकांची पोमेत्सियाला आहे.

शेवटी फळीवर नावाची पट्टी लावतात. पट्टी लहान असावी, परंतु तिच्यावर चार गोष्टी आल्या पाहिजेत: तोफेचे नाव, प्रमाण, ठिकाण आणि काळ. 'रेल्वे तोफ के-५, लेओपोल्ड. प्रमाण १:३५. चिविताव्हेक्किया, जून १९४४.' एवढे पुरे. एखादा भाग अमेरिकेतील आजच्या तोफेवरून घेतला असेल, तर तेही खाली बारीक अक्षरांत लिहावे. मग काचेचे झाकण घालावे. झाकण नसेल, तर पंधरा दिवसांनी मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. फडक्याने पुसू नये. फडक्याचा धागा शिडीच्या कठड्यात अडकतो, आणि कठडा पुन्हा बसवावयास अख्खी दुपार जाते.